भाटी (मांजरी) आणि पाच आठवड्यांची चार पिल्लं, सगळ्यांना पिसवा: गोठ्याचं औषध पातळ करून चालेल का?

जांभा_चिरा

घरात एक भाटी आहे, वजन अंदाजे तीन किलो. तिची पाच आठवड्यांची चार पिल्लं अजून अंगावर पितात. पाऊस सुरू झाल्यापासून सगळ्यांना पिसवा झाल्यात. पिल्लांच्या पोटावर फुंकर मारली की केसांतून पळताना दिसतात. भाटी दिवसभर कान खाजवते. कानात चहाच्या वाळलेल्या चोथ्यासारखा काळा चुरा आहे. शेपटीच्या मुळाशी केस विरळ झालेत आणि पाठीवरून हात फिरवला की बारीक बारीक खपल्या लागतात. माणसांना घोट्यांभोवती चावे आहेत.

घर रत्नागिरी जिल्ह्यात, जांभ्याचं जुनं. ओटीला आणि माजघराला कोबा आहे, पण मागची पडवी मातीची, सारवलेली. तिथे सरपण रचलेलं आहे आणि त्याच्याच आडोशाला गोणपाटावर ती व्यायली.

हाताशी ही औषधं आहेत: गोठ्यातल्या गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के (गुरांना लिटरला २ मिली घालून फवारतो), मोठ्या कुत्र्याच्या मानेवर टाकायची एक पिपेट, माणसांच्या खरजेचं पर्मेथ्रिन ५ टक्के मलम, आयव्हरमेक्टिनच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या आणि कडुनिंबाचं तेल. काल भाटीच्या पाठीला अर्धा चमचा तेल चोळलं आहे. बाकीच्यांपैकी काय द्यावं, किती पातळ करून? पशुवैद्यकीय दवाखाना २५ किलोमीटरवर आहे.

---

औषधपेटी

एकही देऊ नका. पिपेट, मलम आणि गोठ्याची बाटली आजच वेगळ्या डब्यात घालून वर ठेवा, घाईत कुणाच्या हाताला लागू देऊ नका.

गाय, कुत्रा, माणूस हे तिघंही पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही औषधं अंगात मोडून बाहेर टाकू शकतात. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी ग्लुकुरोनाइड जोडण्याची क्रिया फार दुबळी असते. औषध अंगात साचतं आणि मज्जातंतूंवर चढतं. वर मांजर स्वतःला चाटून स्वच्छ करतं, म्हणजे कातडीवर टाकलेलं औषध शेवटी पोटातही जातं. त्यामुळे "गुरांना दोन मिली, मांजराला अर्धा मिली" हा हिशोब मुळातच लागू होत नाही.

कुत्र्याच्या पिपेटचं खोकं वाचा. त्यावर फिप्रोनिलसोबत (हे पिसवा मारणारं औषध) पर्मेथ्रिन लिहिलेलं असेल तर ती पिपेट मांजराला जीवघेणी आहे. नुसतं फिप्रोनिल असलं तरी मोठ्या कुत्र्याची पिपेट थेंबाथेंबाने वाटून घालू नका. हातात सिरिंज असूनही ०.५ मिलीच्या जागी सव्वा मिली जातं.

आयव्हरमेक्टिनचं गणित स्वतः करून बघा. १२ मिलिग्रॅमची एक गोळी तीन किलोच्या मांजराला म्हणजे किलोला ४ मिलिग्रॅम. पशुवैद्य मांजराला वापरतात तेव्हा मात्रा किलोला ०.२ ते ०.३ मिलिग्रॅमच्या घरात असते. म्हणजे तेरा ते वीस पट. गोळीचा विसावा तुकडा घरी कापता येत नाही, आणि पिल्लांना तर ते द्यायचंच नाही.

गुरांचं अमिट्राझ, गॅमेक्सिन पावडर, मुंग्या-झुरळांचा खडू, रॉकेल, तंबाखूचं पाणी, डांबराच्या गोळ्या, कापूर, फिनेल, टी ट्री तेल यांतलंही काही नको. "पिसवा जाव्यात म्हणून जेवणात लसूण घाला" असं कुणी सांगितलं तर तेही नको. लसूण आणि कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि पिसवांनी रक्त कमी झालेल्या मांजराला तर तो दुहेरी फटका.

कडुनिंबाचं तेल आजच धुऊन काढा. तेल चाटून मांजरांना लाळ गळणं, उलट्या, थरथर झालेली आहे. भांडी घासायचं लिक्विड एक चमचा एक मग कोमट पाण्यात, फक्त पाठीला, दोनदा. नीट पुसून पूर्ण कोरडी झाल्यावरच तिला पिल्लांकडे सोडा.

---

माऊघर

औषधपेटी यांच्याशी पूर्ण सहमत. आता काय द्यायचं ते लिहिते.

पहिलं काम वजनाचं. "अंदाजे तीन किलो" चालणार नाही. माणसाच्या वजनकाट्यावर तिला घेऊन उभं राहा, मग एकटं उभं राहा, वजाबाकी करा. असं तीनदा करून मधला आकडा धरा. पिल्लं किराणा मोजायच्या काट्यावर, प्रत्येकाचं वेगळं, ग्रॅममध्ये लिहून ठेवा. पाच आठवड्यांचं पिल्लू साधारण ४०० ते ५५० ग्रॅम असतं. चारांत एखादं खूप मागे असेल तर त्याचीच काळजी आधी.

भाटीसाठी माझी पसंती सेलामेक्टिनला आहे, आणि तुमच्या बाबतीत त्याला कारणं आहेत. मांजरांसाठीचं द्रावण ६ टक्क्यांचं येतं. २.५ किलोपर्यंत १५ मिलिग्रॅमची म्हणजे ०.२५ मिलीची नळी, २.६ ते ७.५ किलोला ४५ मिलिग्रॅमची म्हणजे ०.७५ मिलीची. ते पिसवा आणि कानातले किडे दोन्ही मारतं, अंगावर पाजणाऱ्या मांजरीला चालतं, आणि आईला लावलं की पिल्लांनाही सात आठवड्यांचं होईपर्यंत पिसवांपासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं. फिप्रोनिलची मांजराची ०.५ मिलीची पिपेट पिसवांवर चांगली आहे, पण कानातल्या किड्यांसाठी ते औषध नाही. दोन्ही एकदम लावू नका, एकच निवडा. दवाखान्यात फोनवर वजन आणि पिल्लांचं वय सांगून नळी मागवता येते. घेताना खोक्यावर मांजराचं चित्र आणि वजनाचा पट्टा दोन्ही बघा.

लावताना बहुतेक चुका एकाच जागी होतात: औषध केसांवर पडतं. मानगुटीवर, कवटीच्या अगदी मुळाशी, दोन बोटांनी केस दोन्हीकडे असे दाबा की पांढरट कातडीची रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. नळीचं टोक त्या रेघेला टेकवा आणि सगळं एकाच जागी पिळा. टोक उचलण्याआधी नळी दाबलेलीच ठेवा, सोडलीत तर औषध परत आत ओढलं जातं. जरा खाली, खांद्यांच्या मध्ये लावलं तर लवचिक मांजर मान वळवून चाटतं. चाटलंच तर कडू चवीने तोंडाला फेस येतो. पाणी किंवा थोडं खाणं द्या, तो काही वेळात थांबतो. फेसासोबत अंग थरथरू लागलं तर मात्र ते चवीमुळे नाही.

लावल्यावर दोन तास पिल्लांपासून दूर ठेवा. म्हणून आधी पोटभर पाजू द्या, मग लावा.

---

कोकणी_माणूस७

पिल्लांबद्दल कुणी लिहीपर्यंत हे आधी करा: प्रत्येकाचा वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी असेल तर वेळ आहे. खडूसारखी पांढरी असेल, पिल्लू सुस्त असेल, पंजे गार असतील, तर आंघोळ, फवारा काही नको, टॉवेलात गुंडाळून थेट दवाखाना. ७०-७५ मादी पिसवा मिळून दिवसाला सुमारे एक मिली रक्त पितात. साडेचारशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून रक्त २५-३० मिली. दिवसाला एक मिली ऐकायला किरकोळ वाटतं, पण आठवडाभर चाललं तर पिल्लू उरत नाही.

---

माऊघर

बरोबर. हिरड्या गुलाबी असतील तर पुढचं.

उवांची बारीक दातांची फणी घ्या, जुनी लाकडी किंवा धातूची, दात वाकलेले नकोत. शेजारी एका वाटीत पाणी आणि त्यात लिक्विडचे चार थेंब. साध्या पाण्यावर पिसू तरंगून उडी मारते, साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि ती बुडते. मानेपासून शेपटीकडे, मग काखा, जांघा, हनुवटीखाली. प्रत्येक ओढीनंतर फणी वाटीत बुडवा. नखाने चिरडू नका. एका पिल्लाला पाच मिनिटं पुरतात. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा.

फणीत पिसू न येता नुसती काळी भुकटी आली तर ती ओल्या पांढऱ्या कागदी रुमालावर झटका आणि बोटाने दाबा. तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही पसरला तर माती.

फारच पिसवा असतील तर एकदाच आंघोळ. घमेल्यात चार बोटं कोमट पाणी, तान्ह्या बाळाला असतं तेवढंच. पाण्यात सोडण्याआधी गळ्याभोवती फेसाचं कडं करा. हे विसरलं तर अंग भिजताच सगळ्या पिसवा चेहऱ्याकडे, डोळ्यांच्या कडेला आणि कानात धावतात आणि तिथे साबण लावता येत नाही. कडं झालं की बाकी अंगाला फेस, दोन-तीन मिनिटं, मग स्वच्छ पाणी. डोकं भिजवायचं नाही, चेहऱ्यावरच्या पिसवा फणीने काढायच्या. लगेच दोन टॉवेल आणि कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. एका वेळी एकच पिल्लू, ते पूर्ण कोरडं झाल्यावरच दुसरं. पावसाळी हवेत ओलं पिल्लू अर्ध्या तासात गारठतं, आणि गारठलेलं पिल्लू दूध ओढत नाही.

आंघोळीचा परिणाम त्या दिवसापुरताच असतो. उद्या नव्या पिसवा चढतील.

---

औषधपेटी

आईला सेलामेक्टिन आणि पिल्लांना फणी एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. चार-पाच दिवसांत फणीतला आकडा उतरला नाही तर पिल्लांसाठी फिप्रोनिलचा ०.२५ टक्क्यांचा फवारा आहे. तो दोन दिवसांच्या पिल्लापासून चालतो. पिपेट मात्र आठ आठवड्यांनंतरच. दवाखान्यात विचारून घ्या आणि बाटली हातात आल्यावर हे पाळा.

मात्रा किलोला ३ ते ६ मिली. ४५० ग्रॅमच्या पिल्लाला खालची मात्रा म्हणजे सुमारे १.३५ मिली. बाटलीचा एक दाब किती मिलीचा हे बाटलीच्या आकारावर असतं: १०० मिलीच्या बाटलीचा दाब साधारण ०.५ मिली, २५० मिलीच्या बाटलीचा १.५ मिली. "तीन दाब" असं कुणी सांगितलं आणि बाटली मोठी निघाली तर मात्रा तिप्पट होते. म्हणून मोजा: दहा दाब औषधाच्या मापाच्या टोपणात मारा, आकडा बघा, दहाने भागा. ते टोपण नंतर फेकून द्या.

पिल्लावर थेट फवारू नका. हातमोजा घाला, हातावर फवारा आणि केसांच्या उलट दिशेने चोळा, डोळे-तोंड सोडून. त्यात अल्कोहोल असतं, त्यामुळे पिल्लाला थंडी वाजते आणि जवळ चूल किंवा दिवा असेल तर पेट घेतं. खिडकी उघडी हवी, पण वाऱ्याच्या झोतात नको. पूर्ण वाळल्यावरच आईजवळ. आंघोळ घातली असेल तर मध्ये ४८ तास जाऊ द्या. फिप्रोनिल कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं आणि साबणाने ते तेलच गेलेलं असतं. घरात ससा असेल तर त्याच्यापासून हा फवारा पूर्ण दूर ठेवा, सशाला फिप्रोनिल मारक आहे.

---

चिमटा_आणि_भिंग

कानाबद्दल. वर्णनावरून कानातले सूक्ष्म किडेच वाटतात, ओटोडेक्टिस. खात्री करायची तर कापसावर थोडा चुरा घेऊन काळ्या कागदावर पसरा, दिव्याखाली भिंगाने दोन मिनिटं बघा. सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके सरकताना दिसतात.

मांजराचा कान आत जाऊन काटकोनात वळतो. कानकाडी घातली की वरचा मळ त्या वळणावर ठासला जातो आणि औषधही पुढे पोचत नाही. त्यामुळे कानकाडी नको. मांजरांसाठीचं कान धुण्याचं द्रावण सुमारे १ मिली, किंवा ते मिळेपर्यंत कोमट केलेलं बेबी ऑईल तीन-चार थेंब, कानात सोडा. कानाच्या मुळाशी बाहेरून अंगठा आणि बोटाने अर्धा मिनिट चोळा, चपचप आवाज आला पाहिजे. मग सोडून द्या, ती मान झटकेल. जे बाहेर येईल तेवढंच कापसाने पुसा. एक दिवसाआड, तीनदा पुरे.

मान एका बाजूला कललेली असेल, चालताना तोल जात असेल, कानातून घाण वास किंवा पू येत असेल तर कानात काहीही घालू नका. पडदा फाटलेला असला तर द्रावण मधल्या कानात जातं.

किड्यांचं चक्र सुमारे तीन आठवड्यांचं असतं आणि ते पिल्लांना आईकडून लागतात. खाज आठवड्यात थांबली म्हणून उपचार संपला असं धरू नका. महिन्याने सेलामेक्टिनची दुसरी मात्रा, आणि पिल्लं आठ आठवड्यांची झाली की त्यांनाही वजनाप्रमाणे. कान फडफडवून फडफडवून पाळीत रक्त साचतं आणि ती फुग्यासारखी होते. तसं दिसलं तर घरी टोचू नका.

पाठीवरच्या खपल्या आणि शेपटीच्या मुळाशी गेलेले केस हे पिसूच्या लाळेची ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी आहे. अशा मांजराला चार चावेसुद्धा पुरतात. मांजर चाटून पिसवा गिळून टाकतं, म्हणून "हिच्या अंगावर तर पिसू दिसतच नाही" असं वाटतं.

---

कोकणी_माणूस७

आता घराकडे या, खरं दुखणं तिथे आहे. मांजराच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्यातल्या ढोबळ मानाने शंभरातल्या पाच. बाकी पंच्याण्णव अंडी, अळ्या आणि कोष होऊन जमिनीत, गोणपाटात, कोब्याच्या भेगांत. मादी दिवसाला २० ते ५० अंडी घालते, ती गुळगुळीत असतात, केसाला चिकटत नाहीत, मांजर जिथे झोपतं तिथे मिठासारखी सांडतात. अळी पिसवांच्या त्या काळ्या विष्ठेवर जगते, उजेडापासून पळते आणि तिला ओल लागते. तुमची मागची पडवी, सारवलेली, सरपणाच्या सावलीतली, हे तिच्यासाठी याहून चांगलं घर नाही.

गोणपाट धुऊ नका, टाका. न झटकता गुंडाळा, पिशवीत घालून तोंड बांधा आणि घराबाहेर न्या. झटकलंत तर अंडी माजघरापर्यंत जातील. त्या जागी पुठ्ठ्याचं खोकं आणि त्यात जुनी सुती लुगडी किंवा चादरीचे तुकडे, दोन जोड. दर दोन दिवसांनी एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा वापरात. गोधडीसारखी जी वस्तू उकळता येत नाही ती उन्हात दोन्ही बाजूंनी. ऊन नसेल तर गरम इस्त्री शिवणींवरून सावकाश फिरवा, अळ्या शिवणीतच बसतात. मांजर आणि पिल्लांची जागा पडवीतून ओटीवर आणा, कोबा झाडता येतो.

सरपण आठ-दहा दिवसांसाठी दुसरीकडे रचा. खालची भुसभुशीत माती वरची दोन बोटं खरवडून काढा आणि उघड्यावर पसरा. पिसवा जाईपर्यंत पडवी सारवू नका. शेणाची ओल अळ्यांना हवीच असते.

झाडताना ओली केरसुणी, केर थेट साबणाच्या पाण्याच्या बादलीत. व्हॅक्यूम असेल तर रोज, आणि पिशवी त्याच दिवशी घराबाहेर. भेगांवर टोक टेकवून.

फवारणी करायचीच असेल तर कीटकनाशकापेक्षा पायरिप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन असलेलं मागा. ही औषधं अळीला पुढे पिसू होऊ देत नाहीत. मेथोप्रीन उन्हात लवकर विरतं, आतल्या अंधाऱ्या जागेला ठीक आहे. पडवीला पायरिप्रॉक्सिफेन. त्यात पायरेथ्रॉइड (पर्मेथ्रिन-डेल्टामेथ्रिनच्या जातीचं औषध) मिसळलेलं असेल तर जमीन पूर्ण वाळेपर्यंत, निदान दिवसभर, मांजरं दुसऱ्या खोलीत. माशांची टाकी असेल तर झाका आणि पंप बंद करा.

मीठ पसरणं, चुना, धुरी यांनी कोष मरत नाहीत. चुन्याने मांजराचे पंजे मात्र भाजतात.

---

जांभा_चिरा

सगळ्यांचे मनापासून आभार. तेल काल धुतलं. तिचं वजन ३.२ किलो भरलं, ४५ मिलिग्रॅमची नळी मागवून लावली. चारही पिल्लांच्या हिरड्या गुलाबी आहेत, वजनं ४१० ते ५२० ग्रॅम. गोणपाट काढलं. एक शंका: चुकून कुणी ते गोठ्याचं औषध लावलंच तर रस्त्यावरच्या २५ किलोमीटरमध्ये काय करायचं?

---

औषधपेटी

लक्षणं काही तासांत दिसतात, कधी दोन-तीन दिवसांनीही: कान आणि चेहऱ्याच्या कातडीचे झटके, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अडखळत चालणं, मग थरथर, शेवटी आकडी.

आकडी नसेल तर निघण्याआधी कोमट पाणी आणि भांड्याच्या लिक्विडने लावलेली जागा दोन-तीनदा धुवा. गरम पाणी नको, कातडीकडे रक्त वाढून औषध जास्त शोषलं जातं. अगदी गारही नको, अंग गार पडलं की थरथर वाढते. पुसून टॉवेलात गुंडाळा म्हणजे चाटणार नाही. उलटी करवू नका. दूध, तूप, तेल काहीही पाजू नका, ही औषधं चरबीत विरघळतात. बाटली किंवा खोकं सोबत न्या, तिथे पहिला प्रश्न तोच असतो. आकडी चालू असेल तर धुण्यात वेळ न घालवता निघा. वेळेत पोचलेली बहुतेक मांजरं दोन-तीन दिवसांत उभी राहतात.

---

बोका_सांगली

याच धाग्यात विचारतो. दारात येणाऱ्या बोक्याच्या कानांच्या कडांवर राखाडी जाड खपल्या आहेत, आता कपाळ आणि मानेपर्यंत आल्यात. खाजवून रक्त काढतो. हा नायटा का?

---

चिमटा_आणि_भिंग

नायट्याला सहसा गोल केसगळतीचे चट्टे असतात आणि खाज कमी. कानाच्या कडेपासून सुरू होऊन चेहरा-मानेवर जाड खपल्या आणि एवढी खाज म्हणजे खरूज, नोटोएड्रिसचे किडे, असण्याचीच शक्यता जास्त. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की लगेच कळतं.

सेलामेक्टिन किंवा इमिडाक्लोप्रिड-मॉक्सिडेक्टिनची मांजराची पिपेट चालते. इमिडाक्लोप्रिड-मॉक्सिडेक्टिनची मात्रा ४ किलोपर्यंत ०.४ मिली, ४ ते ८ किलोला ०.८ मिली, नऊ आठवड्यांपुढच्या मांजरांना. महिन्याने पुन्हा बघा. खपल्या ओढून काढू नका, किडे मेले की त्या आपोआप सुटतात, ओढल्या तर जखम चिघळते. हाताळताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या घाला. माणसाच्या हातावर लाल पुरळ येतं, ते मांजर बरं झालं की जातं. घरातली मांजरं त्याच्यापासून वेगळी ठेवा, ताटलीसुद्धा.

गोचीड दिसली तर एवढंच: टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा, सरळ वर, सावकाश. पिळायची नाही, जाळायची नाही, रॉकेल लावायचं नाही.

---

जांभा_चिरा

आज बारावा दिवस. कानातला चुरा जवळजवळ गेला. पण भाटीच्या फणीत सलग चार दिवस शून्य आल्यावर कालपासून पुन्हा सहा-सात पिसवा येतायत. औषध उतरलं का? दुसरी नळी आताच लावू का? आणि तिच्या शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं.

---

कोकणी_माणूस७

लावू नका. त्या पिसवा कोषातून नव्याने बाहेर आलेल्या आहेत. औषध चालतं आहे, त्या तिच्या अंगावर चढून एक-दोन दिवसांत मरतील. पण मरायच्या आधी तुमच्या फणीत सापडतात.

कोषाच्या बाहेरून धूळ चिकटलेली असते, आत फवारा शिरत नाही. आणि तो वाट बघतो, महिनोनमहिने. पावलांचा धक्का, अंगाची ऊब आणि श्वासाची हवा लागली की काही क्षणांत पिसू बाहेर. गणपतीला चाकरमानी बंद घर उघडतात आणि पहिल्याच संध्याकाळी पाय चावून लाल होतात, ते यामुळेच. म्हणून पडवी कुलूप लावून ठेवू नका. दिवसातून दोन-तीनदा तिथे फिरा, झाडा, सरपण हलवा. औषध लावलेली भाटी तिथून जाऊ-येऊ दे. जेवढ्या लवकर कोष फुटतील तेवढ्या लवकर त्या पिसवा औषध असलेल्या अंगावर येऊन मरतील.

रात्री पडवीत पसरट ताटात साबणाचं पाणी ठेवून वर वीतभर उंचीवर छोटा दिवा लावा. सकाळी मेलेल्या पिसवा मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. याने पिसवा संपत नाहीत, पण आकडा चढतोय की उतरतोय ते कळतं. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो चढतो आणि मग उतरतो. घाबरून याच वेळी लोक दुसरं औषध वर लावतात आणि मांजर आजारी पडतं.

---

माऊघर

त्या कण्या म्हणजे पट्टकृमीचे तुकडे, पिसू गिळल्याने होतात. ताजे असताना हलतात, वाळले की तिळासारखे पिवळट. सेलामेक्टिनचा यावर परिणाम नाही, प्राझिक्वांटेल लागतं. मांजरांच्या गोळीत २० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल आणि २३० मिलिग्रॅम पायरँटेल असं मिश्रण येतं, ती ४ किलोला एक. तिच्या ३.२ किलोला किती भाग आणि पाजत असताना कधी, हे फोनवर विचारून घ्या. पिसवा पूर्ण आटोक्यात येण्याआधी दिली तर महिन्याभरात पुन्हा होतील, तेव्हा गोळी पुन्हा लागेल हे धरून चाला.

मुलं पिल्लांशी खेळत असतील तर ओरखडा लगेच साबणाने धुवा. पिसवांची विष्ठा नखांतून जखमेत गेली की बार्टोनेला हा जंतू शिरतो. ओरखड्याजवळची गाठ सुजली, ताप आला तर डॉक्टरांना मांजर आणि पिसवा दोन्ही सांगा.

दुसरी नळी पहिल्यापासून बरोबर तीस दिवसांनी. तिसरी साठाव्या दिवशी, फणीत काही येत नसलं तरी. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की त्यांची वजनं पुन्हा करा आणि १५ मिलिग्रॅमच्या चार नळ्या आणून ठेवा, आणि भाटीच्या दुसऱ्या नळीच्या दिवशी पाचही जणांना एकदम लावा. एक जरी सुटलं तरी त्याच्या अंगावर अंडी घातली जातात. दिव्याखालचं ताट सलग चार आठवडे रिकामं राहिलं की फणी आठवड्यातून एकदा केली तरी चालेल.